पहिल्या वर्षाची गळती: मदत मागेल त्याला, की थेट वेळापत्रकात?

तळटीप (धागाकर्ता)

ज्यांच्या घरातून किंवा समाजगटातून आजवर फार थोडे जण कॉलेजात पोचले, अशी मुलं प्रवेश घेतात आणि त्यांतली बरीच दुसऱ्या वर्षाच्या यादीत दिसत नाहीत. यावर कॉलेजांचं ठरलेलं उत्तर म्हणजे एक कक्ष उघडायचा आणि दारावर पाटी लावायची, 'अडचण असल्यास संपर्क साधावा'. माझ्या मते ही पाटीच मूळ दुखणं आहे. जिला मदत हवी असते ती मुलगी त्या दारापर्यंत येतच नाही. येतात ते मागायची सवय असलेले.

आळस हे त्याचं कारण नव्हे. मदत मागण्याआधी तीन गोष्टी कळाव्या लागतात. आपलं काहीतरी चुकतंय, ते दुरुस्त होण्यासारखं आहे, आणि विचारल्याने कमीपणा येत नाही. ज्याची मोठी भावंडं कॉलेजात गेली त्याला हे घरात बसल्या बसल्या कळतं. बाकीच्यांना पहिल्या सेमिस्टरचा निकाल हातात पडल्यावर.

म्हणून प्रस्ताव असा, की पहिल्या वर्षापुरता 'ऐच्छिक' हा शब्द काढून टाका. पहिली छोटी परीक्षा तिसऱ्या आठवड्याच्या आत घ्या, तिला ५ टक्क्यांहून जास्त वजन नको, आणि उत्तरपत्रिका सात दिवसांत परत द्या. शिक्षकांना भेटणं हीच पहिली असाइनमेंट करा. दोघादोघांनी जायचं, कागदावर एक प्रश्न लिहून न्यायचा, दहा मिनिटं बसायचं, त्याच कागदावर सही आणायची. (एकट्याला पाठवलं तर निम्मी मुलं दारावरून परत फिरतील, म्हणून जोडी.) गटअभ्यास वेळापत्रकात बसवा, आठवड्यातून दोनदा, दोन दोन तास, ठरलेल्या खोलीत, हजेरीसकट. आणि हे सगळ्यांना लागू. कुणालाही 'कच्चा' म्हणून वेगळं काढायचं नाही.

आधार द्यायचा तर अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७३ साली सुरू झालेली पद्धत घ्या. तिचं मर्म हेच, की जोखमीचा विद्यार्थी शोधू नका, जोखमीचा विषय शोधा. ज्या विषयात ३० टक्के किंवा अधिक मुलं नापास होतात, काठावर सुटतात किंवा विषयच सोडतात, तो उचला. तो विषय चांगल्या गुणांनी पार केलेला वरच्या वर्गातला विद्यार्थी पुन्हा त्याच तासांना बसतो, नोट्स काढतो आणि मग जादा सत्रं घेतो. ती सत्रं अख्ख्या वर्गाला खुली, म्हणून तिथे जाण्यात कलंक नाही.

डस्टर

प्रस्ताव वाचला. आधारच उलटा लागलाय. कॅन्सस सिटीची ती सत्रं पहिल्यापासून ऐच्छिक आहेत! कलंक नाही हे खरं, पण सक्तीही नाही. तेव्हा 'ऐच्छिक काढून टाका' म्हणताना तिचा दाखला चालणार नाही.

आता मूळ मुद्दा. चार तास हजेरीसकट गटअभ्यास कुणाला परवडतो? ज्याला त्या वेळात दुसरं काही करायचं नाही त्याला. जी मुलगी संध्याकाळची पाळी करते, जिला जायला-यायला दीड दीड तास लागतो, जी घरी लहान भावंडं सांभाळते, तिची त्या चार तासांची हजेरी भरणार नाही आणि तुम्ही तिला गैरहजेरीच्या यादीत टाकाल. म्हणजे जिच्यासाठी योजना, तिलाच शिक्षा.

दुसरं, 'सगळ्यांना' हा शब्द ऐकायला गोड आहे. पहिल्या वर्षाला २,००० मुलं आणि सल्लागार ५ धरा. सल्लागारामागे ४००. प्रत्येकाला वीस मिनिटं द्यायची म्हटली तर एक फेरी १३३ तासांची, आठवड्याचे ४० तास फक्त भेटीच घेतल्या तरी तीन आठवड्यांहून जास्त. सहा आठवड्यांत जे व्हायचं ते होऊन जातं, आणि तेवढ्यात दोन भेटीही पुऱ्या होत नाहीत. त्याऐवजी तेच पाच जण ३५० मुलांना द्या, दर माणशी ७०. मग महिन्यात दोन भेटी होतात आणि हाताशी वेळ उरतो. मदत थोड्यांना द्या पण पुरेशी द्या. सगळ्यांना चमचाभर देऊन कुणाचंच भागत नाही.

वजाबाकी

दोघांचंही निम्मं बरोबर आहे असं दाखवणारा एक कार्यक्रम आहे, म्हणून मध्ये पडतो. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने २००७ साली 'असॅप' सुरू केला. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांतले विद्यार्थी. एमडीआरसी या संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, सगळे कमी उत्पन्नाचे आणि कॉलेजच्या खऱ्या विषयाआधी उरकायचे एक-दोन पायाभूत विषय राहिलेले. तीन वर्षांत पदवी मिळवणारे नेहमीच्या गटात २२ टक्के, असॅप गटात ४०. ओहायोतल्या तीन कॉलेजांनी तोच साचा उचलला तिथेही प्रमाण जवळपास दुपटीला पोचलं. या क्षेत्रात चिठ्ठ्या टाकून इतका मोठा फरक फार क्वचित दिसतो.

डस्टर म्हणतात तशी निवड तिथे होती. सल्लागारामागे ६० ते ८० विद्यार्थी, तर त्याच कॉलेजांत इतरांसाठी ६०० ते १,५००. आणि तळटीप म्हणतात तशी सक्तीही होती. पूर्णवेळ प्रवेश, पायाभूत विषय आधी उरकणं, सल्लागाराची भेट, सगळं बंधनकारक.

पण सक्ती कशी केली ते बघा. महिन्याचा मेट्रो-बसचा पास फुकट, आणि तो सल्लागाराच्या भेटीशी बांधलेला. भेट झाली नाही तर पास अडतो. गैरहजेरीचा लाल शेरा नाही, समन्स नाही. प्रवासाचा खर्च हीच ज्याची अडचण, तो त्याच निमित्ताने महिन्याला खुर्चीत येऊन बसतो. डस्टर यांच्या 'दीड तास प्रवास' या हरकतीला याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

खर्च? तीन वर्षांत दर विद्यार्थ्यामागे सुमारे १६,३०० डॉलर जास्त. मात्र पदव्या इतक्या वाढल्या की दर पदवीमागचा खर्च उलट कमी निघाला. प्राचार्यांना पहिला आकडा दिसतो, दुसरा दाखवावा लागतो.

मागचा_बाक

'कच्चा म्हणून वेगळं काढायचं नाही' +१. बाकी नंतर लिहितो.

खिडकी_क्रमांक_४

एवढी चर्चा झाली आणि फीचा 'फ'सुद्धा नाही. मुलं गणितात नापास होऊन जातात तशी थकबाकीमुळेही जातात, फक्त दुसऱ्या गळतीला कुणी 'शैक्षणिक' म्हणत नाही म्हणून ती अहवालात 'वैयक्तिक कारण' या रकान्यात पडते.

हे घडतं कसं ते क्रमाने सांगतो. शिष्यवृत्ती मंजूर असते पण रक्कम उशिरा येते. फीचा शेवटचा दिवस त्याआधीचा असतो. संगणकप्रणाली आपोआप खात्यावर अडसर टाकते. अडसर असेपर्यंत पुढच्या सेमिस्टरची विषयनोंदणी उघडत नाही. आठवड्याने अडसर निघतो तोवर सोयीच्या वेळेचे तास भरलेले. उरतात ते सकाळी एक आणि संध्याकाळी एक. मग नोकरी सांभाळायची तर दोन विषय सोडायचे. दोन विषय सोडले की विद्यार्थी पूर्णवेळ राहत नाही. पूर्णवेळ नाही म्हणून शिष्यवृत्ती थांबते. सुरुवात किती रुपयांपासून झाली याला महत्त्व नाही, कारण शेवट तोच होतो.

जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून यावर एक साधी गोष्ट केली. थकबाकी थोडी आहे, गुण ठीक आहेत आणि नाव कमी होणार आहे, अशी यादी विद्यापीठ स्वतः काढतं आणि ती किरकोळ रक्कम खात्यात जमा करतं. सरासरी ९०० डॉलरच्या आसपास. अर्जच नाही. विद्यार्थ्याने समुपदेशकाला भेटून पुढच्या पैशांची जुळणी कशी करणार ते ठरवायचं, एवढीच अट. तळटीप यांचा 'मागायला लावू नका' हा मुद्दा कुठे सर्वांत चपखल बसत असेल तर इथे.

अर्ज ठेवायचाच असेल तर एक पान, तीन प्रश्न: किती कमी पडतात, कधीपर्यंत हवेत, आणि मिळाले नाहीत तर काय अडेल. उत्तर ४८ तासांत. समितीची बैठक लावली की योजना मेली म्हणून समजा. आणि नोंदणी बंद व्हायच्या १० दिवस आधी थकबाकीची यादी सल्लागाराच्या टेबलावर हवी. आदल्या दिवशी आलेली यादी शोकसभेच्या कामाची.

डस्टर

उचलून पैसे देत सुटलात तर पुढच्या वेळी लोक मुद्दाम थकवतील, ही लेखापालांची शंका अगदीच पोकळ नाही.

खिडकी_क्रमांक_४

म्हणूनच यादी विद्यापीठ काढतं. रक्कम मिळेलच असा हक्क नाही, जाहिरात नाही, गुणांची अट आहे, आणि एकाच विद्यार्थ्याचं नाव दुसऱ्यांदा आलं तर आधी समुपदेशक. शिवाय हिशेब करा. विद्यार्थी गेला तर पुढच्या सगळ्या सेमिस्टरची फी गेली. लेखापालांना एवढी वजाबाकी येतेच.

अर्धविराम

गणिताच्या बाजूने लिहितो. 'आधी पाया पक्का करू' या हट्टापायी जितकी मुलं गेली तितकी अवघड पेपरांपायी गेली नसतील. बिनक्रेडिटचा (पदवीत न धरला जाणारा) पायाभूत वर्ग सेमिस्टरभर, मग दुसरा, मग खरा विषय. प्रत्येक टप्प्यावर समजा १०० पैकी ७० पास होतात आणि पास झालेल्यांतले ८५ टक्के पुढच्या वर्गात नाव घालतात. दोन पायऱ्या चढून खऱ्या विषयाच्या दारात पोचणारे ३५, आणि तो पार करणारे २५. शिकवण्यात काहीच खोट नसताना तीन चतुर्थांश गेले. ही गळती शिक्षकाची नाही, जिन्याची आहे.

टेनेसी राज्यातल्या सरकारी कॉलेजांनी २०१५ मध्ये जिना काढला. ज्याला पायाभूत वर्गात पाठवलं असतं त्यालाही थेट खऱ्या विषयात बसवलं आणि त्याच सेमिस्टरमध्ये जोडीला मदतीचा तास, म्हणजे जोडतास, दिला. वर्षाच्या आत गणिताचा खरा विषय पार करणारे आधी १२ टक्क्यांच्या आसपास होते, ते ५० टक्क्यांच्या आसपास गेले.

जोडतास चालतो कधी आणि फसतो कधी, हे सांगायलाच हवं. जोडतासाचा शिक्षक आणि मुख्य तासाचा शिक्षक वेगळे असले आणि एकमेकांशी बोलत नसले तर जोडतासाला अपूर्णांक चालू असतात नि मुख्य तासाला लॉगॅरिदम. मुलगा दोन्हीकडे अधांतरी. जोडतासात उद्याच्या तासाला लागेल तेवढीच मागची गोष्ट घ्यायची. उद्या वर्गसमीकरणं असतील तर आज अवयव पाडणं, बास. अख्खी सातवी-आठवी पुन्हा नको.

वजाबाकी

टेनेसीबद्दल एक तळटीप (आयडीला उद्देशून नव्हे). पुढे झालेल्या अभ्यासात पहिला विषय पार होण्याचं प्रमाण वाढलेलं टिकलं, पण टिकून राहणं आणि पदवी मिळणं यात फरक सापडला नाही. पहिलं दार उघडलं, पुढची तशीच बंद. जिना काढला ते बरोबरच, फक्त तेवढ्याने गळती थांबते असं नाही.

अर्धविराम

मान्य. म्हणून दुसरी गोष्ट सांगतो, जी या धाग्यावर पहिल्याच प्रतिसादात यायला हवी होती. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत संशोधक उरी ट्राइझमन यांना प्रश्न पडला, की कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये एवढ्या संख्येने का पडतात. सहकाऱ्यांना विचारलं तर उत्तरं तयार होती. जिद्द कमी, पूर्वतयारी कमी, घरून पाठबळ कमी, पैसा कमी. त्यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी घेतले आणि ते अभ्यास करतात कसा हे बघत बसले. चारही उत्तरं निकामी ठरली. फरक एवढाच, की कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी वीसातले अठरा एकटेच अभ्यास करत होते. चिनी वंशाची मुलं आधी एकटी बसत आणि मग एकत्र येऊन उत्तरं पडताळत. आपलं एकट्याचं चुकतंय की सगळ्यांचंच, गणित अवघड आहे की आपणच कमी पडतोय, हे त्यांना त्याच रात्री कळायचं. एकट्या बसणाऱ्याला ते परीक्षेत कळायचं.

यावर ट्राइझमन यांनी कच्च्यांसाठीचा उपचारवर्ग काढला नाही. उलट हुशारांसाठीची कार्यशाळा म्हणून बोलावलं आणि वर्गात मिळतात त्याहून अवघड उदाहरणं दिली.

अशी कार्यशाळा चालवायची तर तपशील महत्त्वाचा. २४ जण, सहा सहाचे चार गट. पत्रिकेवर पाच-सहा उदाहरणं. पहिलं सगळ्यांना सुटेल असं, दुसरं नेहमीच्या चुकीत हमखास पाडणारं, शेवटचं दोन तासांत बहुधा कुणालाच न सुटणारं. पहिली १५ मिनिटं चिडीचूप, प्रत्येकाने एकट्याने झटायचं. हे वगळलं की गटातला एक सोडवतो, पाच उतरवतात. मग फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर उभं राहून बोलायचं. खडू त्याच्या हातात ज्याला ते अजून येत नाही. चालवणाऱ्याने उत्तर सांगायचं नाही, विचारायचं: 'ही पायरी कुठून आली?' आणि गट पाडताना एक पथ्य पाळा. वर्गात एखाद्या समाजगटातले चारच जण असतील तर चार गटांत एकेक वाटू नका. दोन गटांत दोन दोन ठेवा. एकटं पडलेलं मूल गटात बसूनही एकटंच अभ्यास करतं.

डस्टर

गोष्ट छान आहे, पण दोन हरकती. ती मुलं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, कार्यशाळेला जी आली ती आली. आणि बर्कलीला प्रवेश मिळालेली होती, म्हणजे शाळेत पहिल्या बाकावरची. ज्याला अपूर्णांकाचा भागाकारच येत नाही त्याच्यापुढे 'न सुटणारं' उदाहरण ठेवून काय साधणार?

अर्धविराम

पहिली हरकत बरोबर. दुसरीबद्दल २०१४ चं एक संकलन आहे, विज्ञान, अभियांत्रिकी, गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचं. निव्वळ व्याख्यान असलेल्या वर्गात नापास होणारे सरासरी ३३.८ टक्के, मुलांना तासातच स्वतः सोडवायला, बोलायला लावणाऱ्या वर्गात २१.८. त्यात सगळ्या दर्जाच्या संस्था आहेत. २०२० मध्ये त्याच धर्तीवर कमी प्रतिनिधित्वाच्या गटांचं वेगळं गणित मांडलं गेलं. इतरांशी असलेलं परीक्षेतलं अंतर ३३ टक्क्यांनी आणि पास होण्यातलं ४५ टक्क्यांनी कमी. मात्र जिथे तासाचा मोठा भाग असा घालवला तिथेच. तासाभरात एकदा 'शेजाऱ्याशी बोला' म्हणून पुन्हा स्लाइड्स सुरू, याने काही होत नाही.

अपूर्णांक येत नाही त्याच्यासाठी अवघड उदाहरणाचं रूप वेगळं ठेवा, इतकंच. चूक केलेलं सोडवलेलं उत्तर द्यायचं आणि 'कुठे घसरलाय ते शोधा' म्हणायचं. ते कुणाला लहान मुलांचं वाटत नाही आणि भागाकारही येतो.

मागचा_बाक

परत आलो. सगळे यंत्रं जोडताय, ठीक आहे. पण मूल निघून जातं तो क्षण बहुतेकदा एका पत्राचा असतो. पहिल्या परीक्षेनंतर येणारं पत्र बघा: 'आपली शैक्षणिक प्रगती असमाधानकारक आढळून आली असून आपणांस निरीक्षणाखाली ठेवण्यात येत आहे. सुधारणा न झाल्यास नियमानुसार कारवाई करण्यात येईल.' ज्याच्या मनात आधीच 'मी इथला नाही' असं आहे त्याला हे पत्र फक्त दुजोरा देतं. तो घरी दाखवत नाही, उत्तर देत नाही, चार तास बुडवतो, आणि कॉलेज सोडायचं हे त्याचं त्यानेच ठरवून टाकलेलं असतं.

तेच असं लिहिता येतं: 'पहिल्या परीक्षेत तुला २० पैकी ६ गुण आहेत. पहिल्या महिन्यात असे गुण पडणारे दरवर्षी असतात आणि पुढे पास होतात. चुका मुख्यतः दुसऱ्या प्रश्नात आहेत. मंगळवारी २ ते ४ मी खोलीत आहे, उत्तरपत्रिका घेऊन ये. जमत नसेल तर कधी जमेल ते याच मेसेजला कळव.' खाली माणसाचं नाव. 'अधिष्ठाता कार्यालय' नको. आणि 'पुढे पास होतात' हे खरं असेल तरच लिहा. मागच्या दोन वर्षांच्या गुणतक्त्यावरून तासाभरात तपासता येतं.

आपलेपणावर नीट प्रयोगही झालेत. २०११ चा वॉल्टन आणि कोहेन यांचा: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तासाभराच्या सत्रात वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला परकं वाटतं, ते सगळ्यांनाच वाटतं, आणि पुढे जातं. मग त्यावर स्वतःच्या शब्दांत लिहायला लावलं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं वाढत गेले, गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं अंतर निम्म्यावर आलं.

वजाबाकी

नमुना ९२ विद्यार्थ्यांचा होता, हेही लिहा. मोठा प्रयोग २०२३ मध्ये छापून आला, २२ संस्था, २६,९११ विद्यार्थी. निष्कर्ष तुमच्या बाजूचाही आहे आणि नाहीही. फायदा झाला, पण त्या गटाला आपलंसं वाटावं अशी खरी संधी जिथे होती तिथेच. जिथे नव्हती तिथे कितीही हळुवार निबंध लिहून घ्या, काही हललं नाही. तेव्हा पत्र बदला, जरूर बदला. मंगळवारी २ ते ४ खोलीत खरंच कुणीतरी बसलेलं मात्र हवं.

मेसेजांबद्दलही तेच. टोरांटो विद्यापीठात जवळपास २५,००० विद्यार्थ्यांवर पाच वर्षं ऑनलाइन सराव, आठवणीचे मेसेज, दूरस्थ प्रोत्साहन सगळं करून पाहिलं, २०१९ मध्ये निष्कर्ष आले. गुण आणि टिकणं, दोन्हींवर परिणाम शून्याजवळ. त्याच संशोधकांच्या आधीच्या प्रयोगात समोर बसणाऱ्या मार्गदर्शकामुळे गुण वाढले होते, मेसेजमुळे नाही.

आणखी एक, कारण लवकरच कुणीतरी 'धोक्याचा इशारा देणारं सॉफ्टवेअर घ्या' म्हणणार आहे. समजा १,००० विद्यार्थी आणि त्यांतले १५० जाणार आहेत. सॉफ्टवेअर जाणाऱ्यांतले ७० टक्के ओळखतं आणि न जाणाऱ्यांतल्या २० टक्क्यांवर चुकून बोट ठेवतं. यादी येईल २७५ नावांची, त्यांत खरोखर जाणारे १०५. म्हणजे पाचातली तीन नावं उगीच. यादी वाचून फोन करणाऱ्या माणसाला हे आधी सांगितलं नाही तर तो पहिल्याच वाक्यात 'तुमचं नाव धोक्याच्या यादीत आलंय' म्हणतो, आणि ज्या १७० जणांचं बरं चाललं होतं त्यांच्याही मनात किडा सोडतो.

तळटीप (धागाकर्ता)

कॅन्सस सिटीबद्दल डस्टर यांची चूक-दुरुस्ती मान्य. घाईत आपल्या सोयीचं तेवढं घेतलं. हजेरीबद्दलही थोडा मागे येतो. चार तास सरसकट सक्तीचे न करता नेहमीच्या तासांतलेच दोन काढून कार्यशाळा बसवावी. जादा वेळ मागायचाच नाही. अर्धविराम यांच्या २२५ अभ्यासांचाही अर्थ तोच निघतो.

पण 'निवडक ३५०' या कल्पनेला माझा विरोध कायम आहे. निवडणार कोण आणि कशावरून? वजाबाकी यांचा हिशेब आत्ताच सांगतोय की निवड पाचात तीनदा चुकते.

डस्टर

सॉफ्टवेअरची निवड चुकते. असॅपने कोण गळेल याचा अंदाज बांधून निवड केली नाही, उत्पन्न आणि राहिलेले विषय बघितले, दोन्ही प्रवेशाच्या दिवशी माहीत असतात. आणि चुकीच्या माणसाला सल्लागार मिळाला तर बिघडतं काय? त्याला वीस मिनिटं जादा मिळाली. बरोबर माणसाला नाही मिळाला तर तो जातो. या दोन चुका सारख्या नाहीत.

वजाबाकी

सहमत, आणि त्यात भर. कॅनडातल्या एका विद्यापीठात २००९ मध्ये छापून आलेला प्रयोग आहे. पहिल्या वर्षाच्या काहींना फक्त मदत (वरच्या वर्गातला सल्लागार आणि अभ्यासगट), काहींना फक्त गुणांवर पैसे, काहींना दोन्ही. दोन्ही मिळालेल्या गटाने मदतही जास्त वापरली आणि त्यांतल्या मुलींचे गुण सुधारले. मुलग्यांवर कशाचाच परिणाम नाही. तेव्हा एकच साचा सगळ्यांना लावताना जपून.

खिडकी_क्रमांक_४

ज्यांच्या हातात यंदाचंच वेळापत्रक आहे त्यांच्यासाठी तारखांचं बोला. सल्लागार पाचच आहेत. पहिला फोन कधी आणि कुणाला?

अर्धविराम

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी. तीन याद्या एकावर एक ठेवा. सलग दोन तास न आलेले, पुस्तक किंवा लॉगइन अजून नसलेले, थकबाकी असलेले. दोन याद्यांत नाव असेल त्याला आधी. सॉफ्टवेअर लागत नाही, हजेरीपट आणि खिडकीवरचा तक्ता पुरतो. फोन करणारा पहिल्या वाक्यात हजेरी काढणार नाही. 'पुस्तक मिळालं का?' असं विचारायचं. उत्तरात बहुतेक वेळा पैसा, बस किंवा पाळी यांपैकी एक येतंच.

डस्टर

आणि फोन उचललाच नाही तर?

अर्धविराम

सोमवारी पुन्हा, वेगळ्या वेळी. तोही नाही तर प्रयोगशाळेतल्या जोडीदाराला विचारायचं, 'तो येतोय का?' एवढंच. का विचारताय ते त्याला सांगायचं नाही.

मागचा_बाक

जोडीदार नेमलेला असेल तर. पहिल्याच तासाला नेमा.